गब्बरची तबकडी, वीरूची टाकी

एक अट आधीच घालून घेतो. आजचा मजकूर 'शोले'वर आहे, पण त्यात सिनेमातला एकही संवाद छापलेला सापडणार नाही. कारण सरळ आहे. संवादाचे पहिले दोन शब्द दिसले की तुम्ही पेपर खाली ठेवणार, घसा खाकरणार आणि उरलेला परिच्छेद स्वतःच म्हणून दाखवणार. घरातली मंडळी वैतागणार आणि आमचं सदर अर्ध्यावर राहणार. माणसं किती होती, होळी कधी आहे, मौसीचं मन कसं वळवायचं, हे सगळं तुम्हाला पाठ आहे असं धरून पुढे जाऊ.

१५ ऑगस्ट १९७५ ला लागलेल्या या सिनेमाने पन्नाशी ओलांडली. एवढ्या काळात त्याची तबकडी झाली, कॅसेट झाली, बिस्किटाची जाहिरात झाली, थ्रीडी झाला, कार्टून झालं, चित्रकथा झाली, मोबाइलवरचा खेळ झाला, करावरची टीका झाली आणि तालुक्याच्या गावी आंदोलनही झालं. विष्णूने दहा अवतारांवर आवरतं घेतलं, 'शोले'ला ते जमलेलं नाही.

या सगळ्या अवतारांवरून नजर फिरवली की एक गंमत दिसते. ज्यांच्याकडे हक्काचे कागद होते, त्यांनी पैसा ओतून केलेले अवतार कधी आले आणि कधी गेले, पत्ता लागला नाही. ज्यांच्याकडे ना हक्क, ना परवानगी, आणि भांडवल म्हणजे पीटीच्या सरांचा कंबरपट्टा, त्यांचे अवतार अजून बिनबोभाट चालू आहेत. याला ठळक अपवाद एकच, आणि तो सगळ्यात पहिला.

पहिल्या आठवड्यात 'शोले' पडला असं जाहीर झालं होतं. समीक्षकांनी नाकं मुरडली, धंद्यातल्या लोकांनी तेराव्याची तयारी केली. खुद्द सिनेमावाल्यांच्या गोटात, शेवट बदलून अमिताभला जिवंत ठेवावं का, अशी खलबतं झाली. म्हणजे सिनेमा लागून चार दिवस होत नाहीत तोच पहिलं रूपांतर दारात येऊन उभं होतं. दिग्दर्शक रमेश सिप्पींनी थोडी कळ काढली म्हणून बचावलो. नाहीतर जय बरा होऊन हळदीला बसलेला बघावा लागला असता.

तिकडे पॉलिडोर कंपनीची वेगळीच पंचाईत. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांची तबकडी मोठ्या अपेक्षेने काढलेली, आणि ती काही केल्या उठेना. मग त्यांच्या ध्यानात आलं की या सिनेमाचा खरा माल गाण्यांत नाहीच, लोकांच्या डोक्यात बोलणं घुमतंय. कंपनीने एक ५८ मिनिटांची तबकडी काढली, निव्वळ संवादांची. ती हातोहात गेली.

आता यातला विनोद बघा. 'शोले'ची सगळी मिजास डोळ्यांची होती. ३५ मिलिमीटरवर चित्रित करून ७० मिलिमीटरला फुगवलेला पडदा. द्वारका दिवेचांचा कॅमेरा. कर्नाटकातल्या रामनगरच्या खडकांत आपल्या राम येडेकरांनी उभं केलेलं अख्खं गाव. पनवेलच्या बाजूच्या रेल्वेमार्गावर सात आठवडे खपून घेतलेली आगगाडीवरची मारामारी. आणि त्याचं पहिलं यशस्वी रूपांतर कशात झालं, तर यातलं तसूभरही दिसत नाही अशा काळ्या चकतीत.

दुसरा विनोद याहून जहाल आहे. गब्बरचं काम आधी डॅनीकडे जायचं होतं. तो 'धर्मात्मा'च्या चित्रीकरणासाठी अफगाणिस्तानात, म्हणून अमजद खान आला. आणि अमजदचा आवाज या भूमिकेला पुरा पडत नाही, अशी शंका खुद्द सलीम-जावेद या लेखकांच्या जोडीलाच आली होती! ती शंका तडीला गेली नाही, तबकडी निघाली, आणि देशभर कर्ण्यांतून जो आवाज घुमला तो नेमका हाच. निवड समित्यांवर बसणाऱ्या तमाम तज्ज्ञांनी ही हकीकत चौकटीत घालून खुर्चीसमोर टांगावी.

आमच्याकडे हे संवाद गणपतीच्या मांडवात ऐकायचे असत. आरतीच्या आधी तासभर. कर्णा चिंचेला बांधलेला, तोंड बाजारपेठेकडे. तबकडीची बाजू उलटायची वेळ आली की मध्येच शांतता पडायची, आणि त्या अर्ध्या मिनिटात नळावर नंबर लावून उभ्या असलेल्यांपैकी कुणीतरी पुढचं वाक्य म्हणून मोकळं व्हायचं. सुई एका जागी अडकली तर गब्बर तोच प्रश्न सात-आठ वेळा विचारायचा आणि बिचाऱ्या कालियाची अवस्था आणखीच बिकट व्हायची. मंडळाचा खजिनदार पळत जाऊन सुई उचलायचा. वर्षभरात त्याने केलेलं ते एकमेव काम.

गावात टॉकीज नव्हती. निम्म्या लोकांनी सिनेमा बघितलेलाच नव्हता. तरी प्रत्येकाचा गब्बर तयार होता. कुणाचा सावकारासारखा, कुणाचा सोसायटीच्या सचिवासारखा, आणि आम्हा पोरांचा तर हुबेहूब गणिताच्या मास्तरांसारखा. पुढे प्रत्यक्ष सिनेमा बघितला तेव्हा अमजद खान किंचित मवाळच वाटला.

तबकडीने केलं काय, तर वजाबाकी. देखावा काढून घेतला आणि तो भरायचं काम ऐकणाऱ्यावर सोपवलं. माणसाला काम दिलं की तो रमतो. हे शहाणपण पुढच्या अवतारांच्या कर्त्यांपर्यंत पोचलं नाही, कारण त्यांच्याकडे पैसे होते.

खरं म्हणजे वजाबाकीचा धडा सिनेमातच गिरवलेला आहे. अहमद, म्हणजे आपले सचिन पिळगावकर, गब्बरच्या तावडीत सापडतो. त्याला कसं मारलं याचं चित्रीकरण झालं होतं. पडद्यावर आपल्याला दिसतं एवढंच की गब्बर आडवा पडलाय, हातावर एक मुंगी चढते, आणि तो तिला चिरडतो. पुढच्या दृश्यात घोडा अहमदचं प्रेत घेऊन गावात येतो. मधलं सगळं कापलेलं. त्या कापण्याने अंगावर जो काटा येतो, तो सुऱ्या-कट्यारी दाखवून आला नसता.

सिनेमाचं संकलन एम. एस. शिंदे यांचं. हा मराठी माणूस चित्रफितीच्या डोंगरातून तीन-सव्वातीन तासांचा सिनेमा शोधून काढून मोकळा झाला. त्या वर्षी 'शोले'ला फिल्मफेअरची नामांकनं नऊ मिळाली आणि बक्षीस एकच, ते संकलनाचं, शिंद्यांचं. म्हणजे फिल्मफेअरच्या मते या सिनेमात बक्षीस देण्याजोगं जे काही होतं, ते टेबलाखाली पडलेल्या तुकड्यांत होतं. शिंदे शेवटची वर्षं हलाखीत काढून २०१२ मध्ये गेले. त्यानंतर सव्वा वर्षाने, जानेवारी २०१४ मध्ये, 'शोले'चा थ्रीडी अवतार आला. त्यावर २५ कोटी रुपये खर्च झाल्याचं छापून आलं. नुसत्या दोन गोष्टी शेजारी ठेवतो, त्यांवर भाष्य करायला सदराची जागा पुरणार नाही.

थ्रीडीचा एकूण बेत असा की जयने नाणं उडवलं की ते आपल्या मांडीत पडावं. ज्या नाण्याच्या दोन्ही बाजू सारख्या, त्याला तिसरी मिती कशाला, हा प्रश्न कुणी विचारला नाही. विचारायला सवड नव्हती, कारण घरातले सगळे कोर्टात होते. मूळ दिग्दर्शक रमेश सिप्पी एका बाजूला, पुतण्याची कंपनी दुसऱ्या बाजूला. काका-पुतण्याचा वाद कसा असतो आणि त्यात मूळ चिन्ह कुणाकडे जातं, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. पुतण्या जिंकला, थ्रीडी लागला, लोकांनी चष्मे घातले आणि काढले.

रामगोपाल वर्मांनी २००७ मध्ये केलेली 'आग' ही दुसऱ्या माध्यमातली नाही, सिनेमाचाच सिनेमा, त्यामुळे आजच्या विषयात बसत नाही. बसत असती तरी मी तिला उभीच ठेवली असती. त्यात अमिताभ गब्बरच्या जागी, नाव बब्बन. खटला भरला गेला आणि पुढे दिल्ली उच्च न्यायालयाने दंडही ठोठावला. बघणाऱ्यांना भरपाई देण्याचं मात्र न्यायालयाच्या लक्षात आलं नाही.

बाकीचे अधिकृत अवतार भराभर उरकतो. पोगो वाहिनीवर मुलांसाठी अ‍ॅनिमेशनपट आला. गब्बरची चित्रकथा पुस्तकरूपाने आली. मोबाइलवर आगगाडीच्या प्रसंगावरचा खेळ आला, 'शोले'च्या नावाने तीन पत्तीही आली. तुमच्या घरातल्या कुठल्याही मुलाला यातल्या एकाचं नाव विचारून बघा. ते तुमच्याकडे अशा नजरेने बघेल की तुम्हीच विषय बदलाल. त्याच मुलाला गब्बर कोण हे विचारा, लगेच आवाज काढून दाखवेल. त्याने सिनेमा बघितलाय का? नाही. मग आला कुठून? आजोबांकडून. हा मार्ग कुठल्याच करारात लिहिलेला नसतो, म्हणून त्याचा मोबदलाही कुणाला मिळत नाही.

यावर कुणी म्हणेल, अभिजात कलाकृतीला असा हात लावूच नये, तिचं पावित्र्य जपावं. पावित्र्याचं म्हणाल तर 'शोले' हा स्वतःच भिशीतला ऐवज आहे. भाडोत्री लढवय्ये गाव वाचवतात, ही गोष्ट कुरोसावाच्या १९५४ च्या 'सेव्हन सामुराई'तून निघून हॉलिवूडमार्गे आली. ठाकूरच्या कुटुंबाची हत्या सर्जिओ लिओनेच्या पाश्चिमात्य घोडेपटाची आठवण करून देते. राज खोसलांच्या १९७१ च्या 'मेरा गाँव मेरा देश'मध्ये धर्मेंद्र होता, भुरटा चोर होता, गाव होतं आणि डाकूचं नाव होतं जब्बर सिंग. एका अक्षरात काम भागवलं! गब्बर नावाचा खराखुरा डाकूही पन्नासच्या दशकात चंबळच्या बाजूला होऊन गेला, लोकांची नाकं कापायचा. आणि अमजदने या भूमिकेसाठी जे पुस्तक वाचून काढलं ते चंबळच्या डाकूंवरचं, तरुणकुमार भादुरींचं. म्हणजे सिनेमात गब्बरच्या दहशतीखाली जगणाऱ्या राधेच्या, जया भादुरींच्या, सख्ख्या वडिलांचं. गब्बरला तयार करायला राधेच्याच घरची सामग्री लागली.

अहो, इतक्या ठिकाणांहून आणलेल्या मालाला सोवळं नेसवणार कसं?

जाहिरातवाल्यांना सोवळं-ओवळं नसतंच. ब्रिटानियाने आपलं ग्लुकोजचं बिस्किट थेट गब्बरच्या हातात दिलं. ज्या डाकूने ठाकूरच्या शाळकरी नातवालाही सोडलं नाही, तो पोरांच्या खाऊची शिफारस करू लागला. आयांनी बिस्किटं घेतली. मुलांनी खाल्ली. सिनेमात याच गब्बरला अभिमान कशाचा होता आठवा: लांब लांबच्या गावांत आया त्याच्या नावाने पोरांना झोपवतात. झोपवायलाही तोच आणि उठल्यावर दुधाबरोबरही तोच. खलनायकाकडून माल विकून घेता येतो हा शोध तेव्हा लागला. हल्ली तो बाजारात इतका रुळलाय की कोण कशाची शिफारस करतोय हे बघायचं आपण सोडूनच दिलंय.

सगळ्यात जबरदस्त रूपांतरकार मात्र कुठल्याच यादीत नसतो. तो म्हणजे सरकार. आणीबाणी लागली २५ जूनला, सिनेमा लागायचा होता ऑगस्टच्या मध्याला. मूळ शेवटात ठाकूर खिळ्यांच्या जोड्यांनी गब्बरला तुडवून मारतो. सेन्सॉरला हे खपलं नाही. माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेणं बरं दिसत नाही, म्हणे. ज्याचे दोन्ही हात खांद्यापासून गेलेत, त्याने कायदा हातात घेऊ नये, असा तो आक्षेप! संजीव कुमारला परदेशातल्या महोत्सवातून बोलावून शेवट पुन्हा चित्रित केला. आता नेमक्या क्षणी पोलीस येतात, ठाकूरला कायद्याची आठवण करून देतात आणि गब्बरला घेऊन जातात. गाव लुटलं जात असताना न फिरकलेले पोलीस शेवटी बरोब्बर वेळेवर पोचले. अख्ख्या 'शोले'तलं सगळ्यात काल्पनिक दृश्य कोणतं, असं मला कुणी विचारलं तर मी हे सांगेन.

गंमत म्हणजे हे सरकारी रूपांतर पन्नास वर्षं अस्सल म्हणून चाललं. आपण सगळ्यांनी तेच बघितलं, त्यावरच शिट्ट्या मारल्या. मूळ शेवट जोडून नीटनेटकी केलेली प्रत जून २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या उघड्या चौकात दाखवली गेली, मग डिसेंबरात आपल्याकडेही लागली. कायदा कुणी पाळावा हा प्रश्न आता निकाली निघाला असावा, कारण या खेपेला खिळ्यांच्या जोड्यांवर कुणी हरकत घेतली नाही.

आता बिनपरवाना कारभाराकडे येऊ. जीव तिथेच आहे.

शाळेचं गॅदरिंग. सातवी ब. नाटकासाठी पाऊण तास मिळालाय आणि त्यातली वीस मिनिटं पडदा ओढण्यात जाणार आहेत. गब्बर व्हायला अकरा मुलं तयार, त्यामुळे शेवटी ज्याच्या घरी छऱ्यांची बंदूक आहे त्याला काम मिळतं. जय आणि वीरूही मिळतात. ठाकूर व्हायला कुणी तयार नसतं, कारण दोन्ही हात शालीत बांधून उभं राहायचं आणि नाकाला खाज सुटली तरी हलायचं नाही. हे काम वर्गातल्या सगळ्यात गरीब मुलाच्या गळ्यात पडतं. शाल मुख्याध्यापकांच्या सत्कारातली. गब्बरचा पट्टा पीटीच्या सरांचा, तो दगडावर घासत चालायचं तर स्टेजवर दगड कुठला, म्हणून माईकजवळ पत्र्यावर घासायचा. सगळं हिंदीत, पण हिंदी अशी की रामगढ सांगोल्यापासून दोन कोसांवर असावं. बसंतीचं काम करणाऱ्या मुलाने आईचा परकर नेसलाय आणि घोडीऐवजी दोन मुलं झूल पांघरून आली आहेत. मध्येच ठाकूरला शिंक येते. तो सवयीने शालीतून हात काढून नाक पुसतो, सभागृह कोसळतं, आणि गब्बर प्रसंगावधान राखून ते हात परत मागतो. असा शेवट सलीम-जावेदनाही सुचला नव्हता.

या नाटकाला सिप्पींचे वारस नोटीस पाठवत नाहीत. पाठवली तरी मुख्याध्यापक ती आवक नोंदवहीत चढवून कपाटात ठेवतील.

गॅदरिंगमध्ये दुसरं मानाचं काम कालियाचं. पडद्यावर विजू खोटे असतील काही मिनिटं, पण त्यांच्या वाट्याला आलेली ओळख जन्मभर पुरली. आणि नियतीचा न्याय बघा, गब्बरने 'शोले'त मारलेले अहमद आणि कालिया, म्हणजे सचिन आणि विजू खोटे, १९८८ मध्ये 'अशी ही बनवाबनवी'त पुन्हा भेटले, गब्बरचा काडीमात्र संबंध नसलेल्या पुण्यात. रामगढचे दोन मृतात्मे असे मार्गाला लागले.

पुढाऱ्यांनी 'शोले'चं भाषण करून टाकलं. त्यातलं अखिल भारतीय कीर्तीचं म्हणजे २०१७ चं, जेव्हा राहुल गांधींनी गुजरातच्या प्रचारात जीएसटीला गब्बर सिंगचं नाव दिलं. घोषणा चालली, पण तुलना गब्बरवर अन्याय करणारी होती. गब्बर धान्याच्या गोणी मागायचा, तिमाही विवरणपत्र मागत नव्हता. त्याची माणसं घोड्यावरून स्वतः यायची, पोर्टल बंद आहे उद्या या असं म्हणायची नाहीत. आमच्या गल्लीतल्या किराणावाल्याचा या बाबतीत कल विचाराल तर तो रामगढला दुकान हलवायला तयार आहे.

पण मराठी मुलुखाने 'शोले'चं जे रूपांतर केलंय त्याला तोड नाही. जिल्हा आवृत्तीचं कुठलंही पान उलटा, महिन्या-दोन महिन्यांत मथळा सापडतोच: टाकीवर चढून शोले स्टाईल आंदोलन. विदर्भ-मराठवाड्यातल्या बातमीदारांनी तर त्याला 'वीरूगिरी' असं सुटसुटीत नावही देऊन टाकलं. पाण्याची टाकी, वर एक माणूस, खाली गाव, आणि एक मागणी.

मूळ प्रसंग आठवा. वीरू दारू पिऊन टाकीवर चढतो, बसंतीशी लग्न लावून द्या नाहीतर उडी मारतो म्हणतो, गाव जमतं, मौसी विरघळते. हा प्रसंग लिहायचा राहूनच गेला होता. जावेद अख्तरांनी तो विमानतळाकडे जाताना गाडीत लिहायला घेतला आणि उरलेला विमानतळावर पोचून गाडीच्या बॉनेटवर संपवला, असं सांगतात. विमान चुकू नये म्हणून घाईत खरडलेलं एक दृश्य पन्नास वर्षांनी महसूल खात्याची कार्यपद्धती ठरेल, हे त्या बॉनेटला तरी कुठून ठाऊक असणार?

रामगढात वीज नव्हती, रात्री हवेलीतले कंदील राधेला विझवावे लागायचे, तरी गावात उंच टाकी होती. टाकीत पाणी चढायचं कसं, यावर शंकेखोरांनी आजवर पुष्कळ डोकं खाजवलंय. त्यांनी आमच्या तालुक्यात यावं. इथे टाकी आहे, वीज आहे, मोटर आहे, टाकीवर योजनेचं नाव रंगवलेलं आहे, उद्घाटनाची कोनशिला आहे आणि पाणी नाही. सिनेमा अतिशयोक्त नव्हताच, फक्त काळाच्या पुढे होता.

आता रूपांतराचे बारकावे बघा. टाकीवर चढणारा इथे प्यायलेला नसतो. घरकुलाचा दुसरा हप्ता अडकलेला असतो, किंवा पीकविम्याची रक्कम शेजाऱ्याच्या खात्यात गेलेली असते, किंवा बांधाची मोजणी तीन वर्षं रखडलेली असते. सिनेमात वीरूने टाकी गाठली ती पहिल्याच झटक्यात. इथला वीरू आधी अर्ज देतो, मग स्मरणपत्र देतो, लोकशाही दिनाला जातो, उपोषणाला बसतो, उपोषण लिंबूपाणी देऊन सोडवलं जातं, आणि मग टाकी. त्याच्या खिशात या सगळ्याच्या पोचपावत्या प्लास्टिकच्या पिशवीत घातलेल्या असतात. वर पोचला की तो आधी त्याच बाहेर काढतो.

खाली पोलीस येतात, नगरपरिषदेची अग्निशमन गाडी येते, शिडी दोन मजल्यांपर्यंतच पोचते. पोरं मोबाइल वर धरतात. भजीवाला गाडा जवळ आणतो. गावचे तीन गट तीन बाजूंना उभे राहतात. मौसीच्या भूमिकेत नायब तहसीलदार. ते आधी मायेने बोलवतात, मग दमात घेतात, मग बायको-पोरांची आठवण काढून देतात. लीला मिश्रांनी जे एका वाक्यात केलं त्याला इथे तीन तास लागतात, कारण मौसीला वरिष्ठांचा फोन लागत नसतो. शेवटी लेटरहेडवर चार ओळींचं लेखी आश्वासन तयार होतं. कुणीतरी दोराने ते वर पाठवतं. वीरू वाचतो, उतरतो. टाळ्या पडतात, त्याला गाडीत बसवून ठाण्यात नेतात आणि गुन्हा नोंदवतात. सिनेमात या टप्प्यावर मौसीचा होकार होता.

हसू येतं खरं. पण या एका रूपांतरात मूळ सिनेमातली सगळ्यात खरी गोष्ट उचललेली आहे: खाली असेपर्यंत कुणी ऐकत नाही. चंबळ, कुरोसावा, सत्तर मिलिमीटर, थ्रीडी, सगळं गाळून लोकांनी नेमकं हेच ठेवलं. पॉलिडोरने देखावा गाळला, तालुक्याने गब्बरही गाळला. तो कुठे बसतो हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे दाखवायची गरज उरली नव्हती.

तेव्हा सिप्पींच्या वारसांना सांगणं एवढंच की पुढचा अवतार काढण्याआधी आमच्याकडे एक चक्कर मारा, तिकीट नाही. आणि टाकीवर चढलेल्या वाचकांना, तुमच्यापैकी कुणी हे वर बसून वाचत असाल तर, हात जोडून विनंती: उडीचा विचारसुद्धा नको. पण दोराने वर आलेल्या त्या कागदावर तारीख, सही, शिक्का आणि जावक क्रमांक आहे ना, हे उतरण्याआधी बघून घ्या. जावक क्रमांक नसेल तर कागद खाली पाठवा आणि तिथेच बसून राहा.